कॅनडातून येणारा इंटरनेट फोन मध्येच तुटतो: दोष कंपनीचा, तारेचा की घराचा?

खाडीकाठ (गुहागर तालुका) यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांपासून कॅनडात, ओन्टारियो प्रांतात राहतो. आमची आई ८१ वर्षांची असून ती माझ्याकडे गावच्या घरी असते. तिला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, मोबाईलच्या स्पीकरवरचे बोलणे तिला उमगत नाही, आणि आमचे घर डोंगराच्या कुशीत असल्यामुळे मोबाईलला रेंजही धड मिळत नाही. म्हणून फायबरच्या डब्याला जोडलेल्या जुन्या फोनचा रिसीव्हर उजव्या कानाला लावून ती भावाशी बोलते. दिवसातले हे एक बोलणे तिच्यासाठी फार मोलाचे आहे, म्हणून एवढ्या तपशिलाने लिहीत आहे.

भावाकडे तिथल्या एका छोट्या कंपनीचा इंटरनेट फोन आहे. त्या कंपनीने दिलेला अडॅप्टर (साधा फोन इंटरनेटवर चालवणारा छोटा डबा) त्याने एका मोठ्या केबल कंपनीच्या इंटरनेटला जोडला आहे, आणि भारतात फोन करण्याची सोय त्याच मासिक शुल्कात येते. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, आणि त्याच वेळी त्याचा फोन येतो. गेल्या चार महिन्यांपासून पहिली काही मिनिटे बरी जातात आणि मग त्याचा आवाज तुटू लागतो, शब्दांचे शेवट गळतात. मात्र आईचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू येतो. कधी फोन लागतो, पण एका बाजूचा आवाज मुळीच पोहोचत नाही. तिसरी गोष्ट अलीकडची आहे. फोनच्या पडद्यावर त्याच्या नंबराऐवजी भारतातलाच कुठलातरी अनोळखी मोबाईल नंबर दिसतो, त्या दिवशी आवाज नळीतून आल्यासारखा घुमतो, आणि अनोळखी नंबर म्हणून आई फोन उचलतच नाही.

छोटी कंपनी म्हणते की दोष इंटरनेटचा आहे. इंटरनेट कंपनी म्हणते की तो फोन आमचा नाही, तुम्ही आमचाच घरगुती फोन घ्या म्हणजे त्रास संपेल. मोठ्या कंपन्या आपल्या तारेवरून चालणाऱ्या छोट्या कंपनीच्या फोनला मुद्दाम मागे ठेवतात का? कॅनडात स्पर्धा आहे असे ऐकतो, मग ग्राहकाला दोन दारांमध्ये असे हेलपाटे का घालावे लागतात? भावाने मोठ्या कंपनीचे एकत्रित पॅकेज घ्यावे की नाही, हेही ठरवायचे आहे.

जांभ्याचा चिरा (चिपळूण) यांचे उत्तर:

मी नेटवर्कच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे आधी बिघाडाबद्दल लिहितो. कंपन्यांच्या स्पर्धेबद्दल तिथे राहणारे कोणीतरी माझ्यापेक्षा चांगले सांगू शकेल. आपण सांगितलेल्या तक्रारी तीन आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा तीन वेगळी आहेत. तिन्हींचा ठपका एकाच कंपनीवर ठेवून ती बदलली, तर पैसे खर्च होऊनही दोन तक्रारी तशाच राहण्याची शक्यता आहे.

आवाज तुटण्याबद्दल आपण एक फार उपयोगी गोष्ट लिहिली आहे. भावाचा आवाज तुटतो, पण आईचा त्याला नीट ऐकू येतो. इंटरनेट फोनमध्ये दोन्ही बाजूंचे बोलणे दोन स्वतंत्र प्रवाहांनी जाते. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून सेकंदाला असे ५० तुकडे, म्हणजे पॅकेट, पाठवली जातात, आणि जी.७११ ही नेहमीची पद्धत वापरली तरी सगळा पसारा धरून एका बाजूला सेकंदाला सुमारे ८० किलोबिट एवढीच जागा लागते. आजच्या कोणत्याही इंटरनेट जोडणीला हे ओझे काहीच नाही. म्हणून ‘तुमचा वेग किती मेगाबिटचा आहे’ हा कंपन्यांचा पहिला प्रश्न इथे जवळजवळ निरर्थक आहे. पॅकेट वेळेवर पोहोचते की नाही, हे महत्त्वाचे. ईमेलचे पॅकेट अर्धा सेकंद उशिरा आले तर कोणाला कळतही नाही, पण आवाजाचे पॅकेट उशिरा आले की ते टाकूनच द्यावे लागते, कारण त्याची जागा बोलण्यात निघून गेलेली असते. शब्दांचे शेवट गळतात ते असे.

आता वेळ पाहा. आपल्याकडे सकाळी सातला इंटरनेटवर गर्दी नसते, पण तिकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे सर्वांत गर्दीची वेळ. केबलच्या इंटरनेटवर उतरणारा रस्ता रुंद आणि चढणारा अरुंद असतो, आणि तो शेजारपाजारच्या घरांत वाटला जातो. भावाचा आवाज त्याच चढत्या रस्त्याने बाहेर पडतो. त्याच वेळी घरातले मोबाईल दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढवत असतील, तर राउटरपाशी लांब रांग लागते आणि आवाजाचे इवलेसे पॅकेट त्या रांगेत अडकते. कुंभार्ली घाटात मालट्रकांच्या मागे रुग्णवाहिका अडकली तर तिला रुंद रस्त्याची नव्हे, वाट मोकळी करून मिळण्याची गरज असते. इथेही तसेच आहे.

भावाला सांगा की रात्री साडेनऊलाच संगणक तारेने मोडेमला जोडून दहा मिनिटे पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) चालू ठेवावे, आणि मग एखादी मोठी फाईल वर चढवताना तेच पुन्हा करावे. एरवी वीस-तीस मिलिसेकंदांचा विलंब फाईल चढवताना काही शेकड्यांवर गेला, तर रांग त्याच्या घरातच लागते आहे. अशा वेळी राउटरमध्ये वर चढवण्याच्या वेगावर मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांची मर्यादा घालावी आणि अडॅप्टरला प्राधान्य द्यावे. घरात काहीच चालू नसतानाही पॅकेट हरवत असतील, तर दोष इंटरनेट कंपनीच्या तारेत किंवा वस्तीतल्या गर्दीत आहे, आणि ते आकडे त्या कंपनीपुढे ठेवता येतील. अडॅप्टर वायफायवर असेल तर आधी तो तारेवर आणावा.

एका बाजूचा आवाज न पोहोचणे हा बहुतेक वेळा राउटरचाच उपद्व्याप असतो. कित्येक राउटरमध्ये ‘सिप एएलजी’ नावाची सोय आपोआप चालू असते. ती फोनच्या संदेशांतले पत्ते मदत म्हणून बदलते आणि त्यामुळे आवाजाचा प्रवाह भलतीकडे जातो. ती बंद केली की ही तक्रार सहसा थांबते.

भारतीय नंबर दिसणे ही गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. परदेशातून येणारा फोन परवानाधारक कंपनीच्या मार्गाने भारतात उतरायला हवा, आणि त्यासाठी इथल्या कंपनीला मिनिटामागे शुल्क मिळते. ‘ट्राय’ या भारताच्या दूरसंचार नियामकाने हे शुल्क २०१८ मध्ये ५३ पैशांवरून ३० पैशांवर आणले आणि २०२० मध्ये ३५ ते ६५ पैसे अशी मर्यादा ठरवली. हे पैसे चुकवण्यासाठी काही लोक फोन इंटरनेटवरून चोरून आणतात आणि अनेक सिमकार्डे बसवलेल्या यंत्रातून स्थानिक फोन म्हणून पुढे सोडतात. आवाज पुन्हा एकदा दाबला जातो, म्हणून तो नळीतून आल्यासारखा वाटतो. भावाच्या कंपनीला हे माहीत असेलच असे नाही, कारण छोट्या कंपन्या भारतात जाणारी मिनिटे घाऊक व्यापाऱ्यांकडून विकत घेतात. त्याने अशा प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ कळवून मार्ग बदलून मागावा. आपणही ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. परदेशातून येणाऱ्या फोनवर भारतीय नंबर दिसत असल्यास कळवण्याची सोय तिथे आहे.

सगळे सुरळीत असले तरी थोडा विलंब राहणारच. मुंबई ते टोरांटो सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या अंतरालाच साठ-बासष्ट मिलिसेकंद लागतात, आणि समुद्रातल्या तारा सरळ जात नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक. एका बाजूचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या तारा तुटल्या, तेव्हा वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवावी लागली होती. तसे पुन्हा झाले तर त्याचा राग कोणत्याच फोन कंपनीवर काढू नये.

देवगडचा, मुक्काम मिसिसॉगा (कॅनडा) यांचे उत्तर:

वरील उत्तर अगदी योग्य आहे. मी आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या वागणुकीबद्दल लिहितो.

हा संशय इथे जुना आहे आणि त्याला आधारही होता. २००६ मध्ये पश्चिम कॅनडातली शॉ ही केबल कंपनी इंटरनेट फोन वापरणाऱ्या ग्राहकांना ‘दर्जा वाढवण्याच्या’ सेवेसाठी महिना १० डॉलर जादा आकारत होती, आणि व्हॉनेज या इंटरनेट फोन कंपनीने त्याविरुद्ध सीआरटीसी या दूरसंचार नियामकाकडे तक्रार केली होती. व्हॉनेजचे म्हणणे सरळ होते: शॉ स्वतःही फोनसेवा विकते, तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा फोन महाग करण्याचा हा मार्ग आहे. पुढे २००९ मध्ये सीआरटीसीने इंटरनेटवरील वाहतुकीच्या नियंत्रणाचे नियम ठरवले. आवाजासारखी, वेळेवर पोहोचणे भाग असलेली वाहतूक जाणवण्याइतकी बिघडवायची असेल, तर आधी परवानगी घेतली पाहिजे, असे त्यात स्पष्ट आहे. त्यामुळे आज आपल्या भावाचा फोन कोणी मुद्दाम अडवत असेल असे मला वाटत नाही.

तरीही तार ज्याची, त्याचे पारडे जड राहते, आणि हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. केबल कंपनीचा स्वतःचा घरगुती फोनसुद्धा तांत्रिकदृष्ट्या इंटरनेट फोनसारखाच असतो, पण त्याचा आवाज सार्वजनिक इंटरनेटवर जात नाही. तो कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात, त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या वाटेने जातो. भावाच्या घरातून कितीही फोटो वर चढत असले तरी त्या फोनला धक्का लागत नाही. छोट्या कंपनीचा फोन मात्र बाकीच्या सर्व वाहतुकीत मिसळून जातो. इथे कोणी कोणाला अडवलेले नसते, तरी एकाला राखीव डबा आणि दुसऱ्याला जनरल डबा अशी स्थिती असते. म्हणून ‘आमचा फोन घ्या म्हणजे त्रास संपेल’ हे म्हणणे घरापासून कंपनीच्या केंद्रापर्यंत खरे ठरेल. त्यापुढे भारताचा प्रवास उरतोच, आणि तिथे मोठ्या कंपनीचा दर भारतासाठी किती आहे हेही पाहावे लागेल.

इंटरनेटची तार टाकणारे इथे प्रत्येक भागात बहुधा दोनच: एक जुनी टेलिफोन कंपनी आणि एक केबल कंपनी. बाकीच्या छोट्या कंपन्या नियामकाने ठरवलेल्या घाऊक दराने त्याच तारा भाड्याने घेतात. म्हणजे छोट्या कंपनीचा सर्वांत मोठा पुरवठादार हाच तिचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी असतो. बिघाड झाला की दुरुस्तीला माणूसही त्याच मोठ्या कंपनीचा येतो. आपण ज्या हेलपाट्यांबद्दल लिहिले आहे, त्यांचे मूळ इथे आहे.

गेल्या काही वर्षांत या छोट्या कंपन्याही कमी झाल्या. २०२२ या एकाच वर्षात बेल या मोठ्या टेलिफोन कंपनीने ईबॉक्स आणि डिस्ट्रिब्युटेल विकत घेतल्या आणि व्हिडिओट्रॉन या क्वेबेकच्या केबल कंपनीच्या मालकांनी व्हीमीडिया घेतली. एप्रिल २०२३ मध्ये रॉजर्स या मोठ्या केबल कंपनीने शॉ विकत घेतली. कर्जासह तो व्यवहार २६ अब्ज डॉलरचा होता. स्पर्धा टिकावी म्हणून शॉची फ्रीडम मोबाईल २.८५ अब्ज डॉलरला व्हिडिओट्रॉनकडे द्यावी लागली. मोबाईलच्या दरांवर त्याचा चांगला परिणाम मी स्वतः अनुभवला आहे. तारेच्या बाजूने नोव्हेंबर २०२३ मध्ये सीआरटीसीने ओन्टारियो आणि क्वेबेकमध्ये मोठ्या टेलिफोन कंपन्यांना आपले फायबर प्रतिस्पर्ध्यांना वापरू देण्याचा आदेश दिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो देशभर वाढवला. बेलने त्यावर फायबरमधली गुंतवणूक कमी करत असल्याचे जाहीर केले. तार टाकणाऱ्याला मोबदला मिळाला पाहिजे हे मला मान्य आहे, परंतु पर्यायच नसेल तर ग्राहकाच्या हातात काहीही राहत नाही, हे मी इथे राहून पाहिले आहे. आपल्या भावाला याचा थेट उपयोग असा, की ओन्टारियोत आता छोट्या कंपनीकडूनही फायबर मिळू शकते, आणि फायबरवर वर चढणारा रस्ता केबलइतका अरुंद नसतो.

एकत्रित पॅकेजबद्दल माझे मत ठाम आहे. ८ जुलै २०२२ रोजी पहाटे रॉजर्सच्या मुख्य जाळ्यात देखभालीच्या कामादरम्यान चूक झाली आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांचे इंटरनेट, मोबाईल आणि घरचे फोन एकदमच बंद पडले. इंटरॅक या बँक-कार्डांच्या जाळ्यावरचे व्यवहार थांबले आणि अनेकांना ९११ या आपत्कालीन नंबरावरही फोन करता येईना. त्या दिवशी ज्यांच्या घरात सर्व काही एकाच कंपनीचे होते, त्यांच्याकडे काहीच उरले नाही. छोट्या कंपन्याही सुरक्षित असतात असे नव्हे. मॉन्ट्रियलच्या व्हीओआयपी डॉट एमएस या इंटरनेट फोन कंपनीवर सप्टेंबर २०२१ मध्ये खंडणीसाठी हल्ला झाला होता आणि तिची सेवा कित्येक दिवस विस्कळीत होती. म्हणून घरचे इंटरनेट आणि मोबाईल वेगवेगळ्या मालकांच्या तारांवर ठेवावेत, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

खाडीकाठ यांचा प्रतिसाद:

दोघांचेही मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे आम्ही दोन आठवडे तपासले, म्हणून उशिरा लिहीत आहे. अडॅप्टर तळघरात, वायफाय वाढवणाऱ्या छोट्या डब्याला जोडलेला होता. तो आता थेट राउटरला तारेने जोडला आहे. फाईल वर चढवताना विलंब २४ मिलिसेकंदांवरून ४०० च्या पुढे जात होता. मर्यादा घातल्यावर तो ५० च्या आत राहतो. सिप एएलजी बंद केल्यापासून एका बाजूचा आवाज गेलेला नाही. छोट्या कंपनीने तीन फोनांच्या तारखा आणि वेळा मिळाल्यावर दोन दिवसांत मार्ग बदलला, आणि आता पडद्यावर कॅनडाचाच नंबर दिसतो. परवा आई पंचवीस मिनिटे बोलली आणि तिला एकदाही ‘काय म्हणालास?’ असे विचारावे लागले नाही.

क्वचित, बहुधा रविवारी, आवाज अजूनही तुटतो आणि तेव्हा घरात काही चालू नसते, म्हणून भाऊ फायबरकडे वळण्याचा विचार करत आहे. येत्या ऑगस्टमध्ये तो दुसऱ्या शहरात घर बदलणार आहे. तोच नंबर आणि तोच अडॅप्टर तिकडे नेला तर चालेल का?

परुळ्याची लेक (वेंगुर्ले तालुका) यांचे उत्तर:

मी अकरा वर्षे कॅनडातल्या कॅल्गरीत राहून आता परुळ्याला परतले आहे. अडॅप्टर कुठेही नेला तरी फोन चालतो. ही त्याची सोय आहे आणि धोकाही त्यातच आहे, म्हणून हे कृपया भावाला आजच वाचून दाखवा.

जुन्या टेलिफोनवरून ९११ लावला की पत्ता आपोआप कळतो. कुठेही नेता येणाऱ्या इंटरनेट फोनला मात्र आपण कुठे आहोत हे ठाऊक नसते; कंपनीच्या दप्तरी जो पत्ता नोंदलेला असेल तोच त्याच्याकडे असतो. सीआरटीसीने एप्रिल २००५ मध्येच इंटरनेट फोन कंपन्यांना आपत्कालीन सेवेची सोय करण्याचे आणि तिच्या मर्यादा ग्राहकाला सांगण्याचे बंधन घातले. तरीही २००८ मध्ये कॅल्गरीतल्या एका कुटुंबाने दीड वर्षाच्या बाळासाठी इंटरनेट फोनवरून ९११ लावला, तेव्हा रुग्णवाहिका त्यांच्या जुन्या पत्त्यावर, हजारो किलोमीटर दूर मिसिसॉगाला पाठवली गेली आणि ते बाळ वाचले नाही. मी त्या शहरात राहायला गेले तेव्हा शेजारच्या बाईंनी ही हकिकत सांगून माझ्याकडून पहिल्याच दिवशी पत्ता नोंदवून घेतला होता. भावाने घर बदलायच्या दिवशीच नवा पत्ता नोंदवावा, तो नोंदला गेल्याची खात्री करून घ्यावी, आणि ९११ लावण्याची वेळ आलीच तर पहिल्या वाक्यात पत्ता सांगावा. घरात मुले असतील तर त्यांनाही तो तोंडपाठ असू द्यावा.

कंपनी बदलायची झाल्यास नंबर सोबत नेता येतो, मात्र जुनी सेवा स्वतः फोन करून आधी बंद करू नये. नव्या कंपनीला नंबर मागून घेऊ द्यावा. तो पोहोचला की मग जुने खाते बंद करावे. आधी बंद केले तर नंबर हातचा जाऊ शकतो. माझ्या बाबतीत एका कंपनीने सेवा बंद झाल्यानंतरही तीन महिने बिल पाठवले होते. त्यांच्या ग्राहक केंद्रात मी पाच वेळा तेच तेच सांगितले, शेवटी सीसीटीएस या स्वतंत्र तक्रार निवारण संस्थेकडे गेले. २००७ पासून चालणारी ही संस्था ग्राहकाकडून काही पैसे घेत नाही. तक्रार नोंदवल्यावर कंपनीने स्वतःहून संपर्क केला आणि पूर्ण रक्कम परत दिली. रविवारच्या बिघाडाचे आकडे भावाने लिहून ठेवले असतील, आणि इंटरनेट कंपनी दाद देत नसेल, तर त्यानेही हा मार्ग धरावा.

जांभ्याचा चिरा (चिपळूण) यांचे उत्तर:

परुळ्याच्या ताईंनी लिहिलेले पत्त्याचे काम सर्वांत आधी करावे.

एक गोष्ट आपल्या बाजूची राहिली. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळत असे, त्यामुळे घरची वीज गेली तरी तो चालायचा. फायबरच्या डब्याला मात्र घरचीच वीज लागते, आणि पावसाळ्यात गुहागर भागात ती किती वेळा जाते हे आपण जाणताच. राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस त्या डब्याला जोडून ठेवा. घेण्यापूर्वी डब्याला वीज देणाऱ्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बरेच डबे १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नसतात. फोनचा सेट बिनतारी असेल तर त्याच्या बैठकीलाही वीज लागते, आईंचा साधा तारेचा सेट असल्यामुळे ती काळजी नाही. यूपीएस जोडल्यावर एकदा मेन स्विच बंद करून शेजारून फोन लावून पाहा, आणि हे जूनच्या आधी करा.